गोळी लागू पडेल का? हिपॅटायटिस बीच्या उपचारांचा अंदाज पायरीपायरीने

"डॉक्टर, गोळी लागू पडेल ना मला?" जुनाट हिपॅटायटिस बीचं निदान झालेला जवळजवळ प्रत्येक रुग्ण हे विचारतो. आपल्याकडे या आजाराला पांढरी कावीळ म्हणतात. या नावानेच अर्धा गोंधळ होतो, कारण बहुतेकांना कावीळ कधी झालेलीच नसते. रक्तदान शिबिरात, गरोदरपणातल्या तपासणीत किंवा एखाद्या ऑपरेशनआधी एचबीएसएजी, म्हणजे रक्तात हा विषाणू असल्याची खूण, पॉझिटिव्ह येतं आणि घर हादरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात असे सुमारे २ कोटी ९८ लाख लोक होते.

मी यकृताचे रुग्ण पाहतो. या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही, पण अंदाज बांधता येतो आणि काही बाबतीत तो चांगलाच नेमका असतो. त्यासाठी लागणारे आकडे बहुतेक वेळा रुग्णाच्या फाईलमध्येच पडून असतात. ते कोणत्या क्रमाने वाचायचे, ते इथे सांगतो. औषध सुरू करायचं की थांबवायचं, हे मात्र तपासणाऱ्या डॉक्टरांसोबत बसूनच ठरवायचं.

पहिली पायरी: 'लागू पडणं' म्हणजे नेमकं काय, ते ठरवा

या आजारात गुण येण्याच्या निदान पाच वेगवेगळ्या गोष्टी आहेत. रक्तातला विषाणू, म्हणजे एचबीव्ही डीएनए, दबणं. एसजीपीटी, म्हणजे यकृताला सूज असली की रक्तात वाढणारं एन्झाइम, नॉर्मलला येणं. ज्यांचं ई-अँटिजेन, म्हणजे विषाणू जोमाने वाढत असल्याची खूण असलेलं प्रथिन, पॉझिटिव्ह आहे त्यांचं ते जाऊन त्याविरुद्धची अँटिबॉडी तयार होणं. यकृताचा कडकपणा कमी होणं. आणि शेवटची, सर्वांत दुर्मीळ गोष्ट म्हणजे एचबीएसएजी, ज्याला पुढे मी एस-अँटिजेन म्हणेन, तेच निगेटिव्ह होणं. उपचार संपल्यावर निदान सहा महिने एस-अँटिजेन निगेटिव्ह राहिलं आणि डीएनएही सापडला नाही, तर त्याला फंक्शनल क्युअर म्हणतात.

या पाचही गोष्टींचा अंदाज वेगवेगळा असतो, आणि रुग्ण-डॉक्टरांमधले बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात. डॉक्टर म्हणतात, "छान, औषध लागू पडलं." त्यांच्या डोळ्यांपुढे डीएनए असतो. रुग्ण घरी जाऊन पुन्हा एचबीएसएजी करतो, ते पॉझिटिव्ह येतं आणि त्याला फसवणूक झाल्यासारखं वाटतं.

असं का होतं, हे समजून घ्यायला हवं. यकृताच्या पेशीच्या केंद्रात या विषाणूची एक मूळ प्रत दडून बसते. तिला सीसीसीडीएनए म्हणतात. आजच्या गोळ्या त्या प्रतीपर्यंत पोचत नाहीत. त्या फक्त नव्या विषाणूचा डीएनए तयार होऊ देत नाहीत. एस-अँटिजेन हे विषाणूचं पाकीट आहे. गोळीमुळे आतलं पत्र लिहिणं थांबतं, पण पाकिटं बनतच राहतात. त्यात भर म्हणजे विषाणूच्या डीएनएचे तुकडे आपल्या स्वतःच्या गुणसूत्रांत शिरलेले असतात आणि तेही पाकिटं बनवतात. म्हणून डीएनए 'सापडला नाही' आणि एचबीएसएजी 'पॉझिटिव्ह' हे दोन्ही रिपोर्ट एकाच वेळी खरे असतात. औषध फसलं असा त्याचा अर्थ नाही.

दुसरी पायरी: पहिल्या गोळीआधी फाईल पूर्ण करा

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी एक चूक केली, ती आजही खुपते. एका रुग्णाचा एसजीपीटी खूप वाढलेला होता. डीएनएची तपासणी महाग, रिपोर्टला वेळ, म्हणून मी गोळी आधी सुरू केली. तीन महिन्यांनी डीएनए काही हजारांत आला. तो कोटीवरून उतरला होता की लाखावरून, हे आता कळायला काहीच मार्ग नव्हता. सुरुवातीचा आकडा नसेल तर पुढचा कोणताही अंदाज हवेतला. तातडीची परिस्थिती असेल तर गोळीला उशीर करू नये, पण रक्ताचा नमुना तरी आधी काढून ठेवावा.

वहीचं एक पान आखा आणि त्यावर सुरुवातीचे हे आकडे तारखेसह लिहा:

- एचबीव्ही डीएनए, आययू प्रति मिलिलिटरमध्ये. रिपोर्ट 'कॉपीज'मध्ये असेल तर साधारण ५ ते ६ कॉपीज म्हणजे १ आययू.
- ई-अँटिजेन आणि त्याची अँटिबॉडी.
- एसजीपीटी, एसजीओटी, बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर, प्लेटलेट, क्रिएटिनिन.
- सोनोग्राफी, आणि सोय असेल तर फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी.
- एचआयव्ही, हिपॅटायटिस सी आणि डेल्टा विषाणूची (हिपॅटायटिस डी) अँटिबॉडी.
- एस-अँटिजेनची संख्यात्मक तपासणी. साधी पॉझिटिव्ह-निगेटिव्ह नव्हे, आकडा देणारी.

एचआयव्हीची तपासणी संकोचाने टाळली जाते, आणि ते धोक्याचं आहे. हिपॅटायटिस बीच्या या गोळ्या एचआयव्हीवरही थोडाफार परिणाम करतात. एचआयव्ही असताना एकटी गोळी दिली तर तो विषाणू औषधाला निर्ढावतो.

त्याच पानावर आणखी दोन ओळी लिहा. पूर्वी कधी लॅमिव्हुडिन हे या आजाराचं जुनं औषध घेतलं होतं का? घरात कुणाला यकृताचा कर्करोग झाला होता का? पहिल्या उत्तरावर कोणती गोळी निवडायची ते ठरतं. दुसऱ्यावर पुढे किती डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं ते.

तपासण्या शक्यतो एकाच लॅबमध्ये करा. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला. त्याखाली ठरलेल्या सरकारी केंद्रांवर तपासण्या आणि औषधं मोफत मिळतात. जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. पैशांअभावी गोळी सोडलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यांना ही सोय ठाऊक नव्हती.

तिसरी पायरी: शून्यं मोजायला शिका

डीएनएच्या रिपोर्टवर '३.४ई+०७' असं काहीतरी छापलेलं असतं आणि माणूस घाबरतो. याचा अर्थ ३ कोटी ४० लाख. डॉक्टर आपापसात 'दोन लॉगने उतरला' असं म्हणतात, तेव्हा एक लॉग म्हणजे एक शून्य गेलं असं समजा. ३ कोटी ४० लाखाचे ३४ लाख झाले, एक लॉग उतरला. ३४ हजार झाले, तीन लॉग.

ही शून्यांची भाषा एकदा अंगवळणी पडली की विनाकारणची धास्ती जाते. ८०० चे १,६०० झाले म्हणून रात्रभर जागणारे रुग्ण मला भेटतात. आकडा दुप्पट झाला खरा, पण एक शून्यही वाढलेलं नाही. एवढा फरक तपासणीतही पडू शकतो. याउलट ४० लाखाचे २५ लाख झाले म्हणून खूश होण्यातही अर्थ नसतो.

चौथी पायरी: यकृत कुठवर पोचलंय ते पाहा

विषाणू किती आहे यावरून यकृताची अवस्था कळत नाही. कोटीच्या घरात डीएनए असलेल्या विशीतल्या तरुणाचं यकृत मऊ असू शकतं आणि काही हजार डीएनए असलेल्या पन्नाशीतल्या माणसाला सिऱ्होसिस, म्हणजे यकृत कडक आणि गाठाळ होणं, असू शकतो.

फायब्रोस्कॅनची सोय नसेल तर एप्री नावाचा साधा हिशेब करता येतो. एसजीओटीला त्याच्या नॉर्मलच्या वरच्या मर्यादेने भागा, मग हजारांतल्या प्लेटलेटने भागा आणि १०० ने गुणा. समजा, एसजीओटी ८०, मर्यादा ४०, प्लेटलेट १ लाख ६० हजार, म्हणजे १६०. ८० भागिले ४० म्हणजे २. २ भागिले १६० गुणिले १०० म्हणजे १.२५. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत ०.५ च्या वर एप्री किंवा फायब्रोस्कॅनवर ७ किलोपास्कलच्या वर आकडा असेल तर लक्षणीय कडकपणा धरतात. एप्री १ च्या वर किंवा १२.५ किलोपास्कलच्या वर असेल तर सिऱ्होसिस. आपल्या उदाहरणातल्या माणसाला सिऱ्होसिस असल्याचं गृहीत धरूनच पुढे जायला हवं. फक्त एक सावधगिरी: एसजीओटी खूप उसळलेला असताना एप्री आणि फायब्रोस्कॅन दोन्ही फुगवून सांगतात.

इथे एक चांगली बातमी आहे आणि ती रुग्णांपर्यंत पुरेशी पोचत नाही. टेनोफोविर पाच वर्षं घेतलेल्या रुग्णांची पुन्हा बायोप्सी केलेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. सुरुवातीला सिऱ्होसिस असलेल्या ९६ जणांपैकी ७१ जणांच्या बायोप्सीत पाच वर्षांनी सिऱ्होसिस राहिला नव्हता. ज्यांचं वजन आटोक्यात होतं त्यांच्यात ही सुधारणा जास्त दिसली. म्हणून मी वजन आणि साखर याही गोष्टी अंदाजाच्या पानावर लिहायला लावतो.

पाचवी पायरी: गोळ्यांचा अंदाज

आज वापरायच्या गोळ्या मुख्यतः तीन: एन्टेकाविर, टेनोफोविर, आणि टेनोफोविरचाच किडनी-हाडांना सौम्य असलेला नवा प्रकार, टीएएफ. विषाणू दबेल का, एवढाच प्रश्न असेल तर उत्तर जवळजवळ 'हो' आहे, गोळी रोज घेतली तर.

किती दिवसांत, हे मुख्यतः ई-अँटिजेनवर आणि सुरुवातीच्या डीएनएवर अवलंबून असतं. ई-अँटिजेन निगेटिव्ह असेल, आणि आपल्याकडे असे रुग्ण पुष्कळ आहेत, तर वर्षभरात ९० टक्क्यांच्या आसपास लोकांचा डीएनए सापडेनासा होतो. ई-अँटिजेन पॉझिटिव्ह असेल तर वर्षाअखेरीस एन्टेकाविरवर सुमारे ६७ टक्के आणि टेनोफोविरवर सुमारे ७६ टक्के. हा कमीपणा औषधाचा नाही. या रुग्णांची सुरुवातच मोठ्या आकड्यापासून होते, म्हणून उतरायला वेळ लागतो.

ई-अँटिजेन जाऊन अँटिबॉडी येणं पहिल्या वर्षात साधारण पाचातल्या एकाला जमतं. इथे एसजीपीटी कामाला येतो. सुरुवातीला एसजीपीटी चांगला वाढलेला असेल तर शरीराची प्रतिकारशक्ती विषाणूशी आधीच झुंजत असते, आणि हा टप्पा गाठण्याची शक्यता वाढते. एसजीपीटी नॉर्मल आणि डीएनए अब्जांत असलेल्या तरुणात ती फार कमी असते. नॉर्मल म्हणजे किती, हेही पाहा. पुष्कळ लॅब ४० लिहितात. जागतिक आरोग्य संघटना पुरुषांसाठी ३० आणि स्त्रियांसाठी १९ धरते.

आता वेळापत्रक. तीन महिन्यांनी डीएनए करा. एकही शून्य कमी झालं नसेल तर त्याला प्राथमिक अपयश म्हणतात. आजच्या औषधांवर हे क्वचित घडतं, आणि घडलं तर मी सर्वांत आधी गोळ्यांचं पाकीट मागतो. किती उरल्यात ते मोजतो. रागावण्यासाठी नाही. शेतीच्या हंगामात, लग्नसराईत, रात्रपाळीत खाडे पडतात आणि सांगायची लाज वाटते. घरच्यांपासून आजार लपवलेला असेल तर गोळीही लपून घ्यावी लागते. एन्टेकाविर रिकाम्या पोटी घ्यायचं असतं, जेवणानंतर दोन तासांनी आणि पुढच्या जेवणाआधी दोन तास. हे कुणी सांगितलेलंच नसतं, आणि नाश्त्यासोबत घेतल्याने औषध कमी शोषलं जातं.

वर्षभर नीट गोळी घेऊनही डीएनए सापडत असेल तर तो अर्धवट प्रतिसाद. समजा, ८ कोटींपासून सुरुवात झाली, सहा महिन्यांनी ८ हजार आणि वर्षाने ३०० राहिले. उतार चालू आहे, त्यामुळे गोळी बदलायची घाई नको. पण आकडा एकाच जागी अडकला असेल तर बदलाचा विचार करावा लागतो. आणि एकदा खाली गेलेला आकडा एक शून्य घेऊन वर आला, किंवा सापडेनासा झालेला डीएनए १०० च्या वर परतला, तर आधी खाडे तपासायचे, मग औषधाला निर्ढावलेला विषाणू शोधायचा.

लॅमिव्हुडिनच्या प्रश्नाचं महत्त्व इथे आहे. ते औषध पाच वर्षं घेतलेल्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत लोकांत विषाणू निर्ढावत असे. नव्याने एन्टेकाविर सुरू करणाऱ्यांत हे प्रमाण पाच वर्षांत सुमारे १.२ टक्के आहे, पण लॅमिव्हुडिनला निर्ढावलेल्यांत ते कितीतरी वाढतं. म्हणून अशांना टेनोफोविर देतात.

डीएनए दबला तरी एसजीपीटी उतरत नसेल तर विषाणूला दोष देऊ नका. चरबीचं यकृत, दारू, मधुमेह आणि 'लिव्हर टॉनिक' म्हणून घेतलेल्या पुड्या, या चारांची चौकशी करा. कावीळ उतरवणं, माळ घालणं, हाताला चुना चोळून पिवळं पाणी दाखवणं, हे सगळं आपल्या गावांत चालतं. श्रद्धेवर मी वाद घालत नाही. पण त्यापायी गोळी थांबवलेली असते, आणि ते मी दरवेळी विचारतो.

सहावी पायरी: इंजेक्शनचा विचार असेल तर

पेगिंटरफेरॉनचं इंजेक्शन आठवड्याला एक, असं ४८ आठवडे घेतात. मुदत ठरलेली असते, हा त्याचा मोह. त्रास बराच होतो: ताप, अंगदुखी, मन उदास होणं. यकृत निकामी होऊ लागलेल्यांना आणि गरोदर स्त्रियांना ते देत नाहीत. याच्या अंदाजासाठी विषाणूचा जीनोटाइप, म्हणजे पोटप्रकार, लागतो. ए आणि बी जीनोटाइपला गुण चांगला येतो, सी आणि डीला कमी. भारतात डी सर्वाधिक आढळतो, त्याखालोखाल ए. म्हणून इथे जीनोटाइप न करता इंजेक्शन सुरू करणं मला पटत नाही. गोळ्यांसाठी मात्र जीनोटाइपची गरज नसते.

एसजीपीटी वाढलेला, डीएनए फार मोठा नाही, वय कमी, अशा ई-पॉझिटिव्ह रुग्णाला निवडलं तर साधारण तिघांतल्या एकाचं ई-अँटिजेन जाऊन अँटिबॉडी येते. या उपचाराचं मोठेपण असं की गुण येणार नसेल तर ते बाराव्या किंवा चोविसाव्या आठवड्यालाच कळतं. ई-निगेटिव्ह, डी जीनोटाइपच्या रुग्णात बारा आठवड्यांत एस-अँटिजेनचा आकडा अजिबात उतरला नाही आणि डीएनएची दोन शून्यंही गेली नाहीत, तर इंजेक्शन थांबवावं. ई-पॉझिटिव्ह रुग्णात चोविसाव्या आठवड्याला एस-अँटिजेन २०,००० च्या वर असेल तरीही थांबवावं. उरलेले महिने नुसते सोसायचे कशाला?

सातवी पायरी: एस-अँटिजेनचा आकडा, वर्षातून एकदा

गोळ्यांवर डीएनए सापडेनासा झाला की पुढची वाटचाल याच आकड्यावरून कळते. तो फार सावकाश उतरतो, इतका की या वेगाने निगेटिव्ह व्हायला कित्येकांना दशकं लागतील. गोळ्यांवर एस-अँटिजेन जाणाऱ्यांचं प्रमाण वर्षाला १ टक्क्याच्या आसपास असतं. हे मी पहिल्याच भेटीत सांगतो. हा आकडा तेव्हा ऐकलेला माणूस पाचव्या वर्षी निराश होत नाही.

मग मोजायचा कशाला? आकडा १,००० च्या खाली आणि विशेषतः १०० च्या खाली गेला, तर एस-अँटिजेन जाण्याची शक्यता वाढते. ज्यांना गोळी सुरूच केलेली नाही, त्यांनाही तो उपयोगी आहे. ई-निगेटिव्ह, डी जीनोटाइपच्या माणसात डीएनए २,००० च्या खाली आणि एस-अँटिजेन १,००० च्या खाली असेल, तर विषाणू बहुधा खऱ्या अर्थाने शांत आहे.

आठवी पायरी: गोळी थांबवण्याचा अंदाज, सर्वांत जपून

एक गृहस्थ चार वर्षं नियमित गोळी घेत होते. डीएनए शून्य. 'आता आजार गेला' असं कुणीतरी सांगितलं, गोळी बंद केली. पाच महिन्यांनी डोळे पिवळे झाले म्हणून आले, एसजीपीटी १,४०० होता. ते वाचले. सगळेच वाचत नाहीत.

सिऱ्होसिस असेल तर गोळी थांबवण्याचा विषय काढू नये. नसेल आणि ई-अँटिजेन जाऊन अँटिबॉडी आलेली असेल, तर त्यानंतर निदान वर्षभर, आणि माझ्या मते तीन वर्षं, गोळी चालू ठेवून मगच विचार करावा. सुरुवातीपासून ई-निगेटिव्ह असलेल्यांत डीएनए सलग तीन वर्षं सापडलेला नसावा. त्यातही आशियाई रुग्णांत एस-अँटिजेन १०० च्या खाली असेल तरच थांबवणं यशस्वी होण्याची शक्यता बरी असते. आकडा हजारांत असताना थांबवलं तर विषाणू परतण्याचीच शक्यता जास्त. थांबवल्यावर पहिले काही महिने दर महिन्याला एसजीपीटी आणि डीएनए, मग वर्षभर दर दोन-तीन महिन्यांनी. एवढ्या वेळा रक्त द्यायला येणं जमणार नसेल, तर गोळी चालू ठेवणंच सुरक्षित.

नववी पायरी: चांगला गुण आला तरी कर्करोगाचा हिशेब वेगळा करा

विषाणू दबला की यकृताच्या कर्करोगाचा धोका घटतो, पण संपत नाही. एन्टेकाविर किंवा टेनोफोविर घेणाऱ्या युरोपीय वंशाच्या रुग्णांवरून पेज-बी नावाचा हिशेब तयार झाला. वयाचे गुण असे: ३० च्या आत ०, तिशीत २, चाळिशीत ४, पन्नाशीत ६, साठीत ८, सत्तरीपासून १०. पुरुषाला ६, स्त्रीला ०. प्लेटलेट २ लाख किंवा जास्त असतील तर ०, १ ते २ लाखांत ६, १ लाखाखाली ९. ५२ वर्षांचा पुरुष, प्लेटलेट १ लाख ४० हजार: ६, ६ आणि ६, एकूण १८. ९ पर्यंत धोका कमी, १० ते १७ मध्यम, १८ पासून जास्त. या माणसाला दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी हवीच. सिऱ्होसिस असेल किंवा घरात हा कर्करोग झालेला असेल, तर गुण कितीही कमी आले तरी सोनोग्राफी चुकवू नये.

पुढे काय येतंय

विषाणूचा आरएनए आणि कोअर-संबंधित अँटिजेन या दोन तपासण्या पेशीतल्या मूळ प्रतीची हालचाल दाखवतात. गोळी थांबवल्यावर विषाणू परतेल का, हे त्यांवरून अधिक नीट कळू शकतं, पण रोजच्या वापरात त्या अजून आलेल्या नाहीत. एस-अँटिजेनची पाकिटं बनण्यावरच घाव घालणाऱ्या बेपिरोविरसेन या इंजेक्शनच्या दुसऱ्या टप्प्यातल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली आले. २४ आठवडे पूर्ण मात्रा घेतलेल्यांपैकी ९ ते १० टक्के लोकांत एस-अँटिजेन आणि डीएनए दोन्ही गेले आणि औषध थांबल्यावर २४ आठवडे गेलेलेच राहिले. ज्यांचा एस-अँटिजेनचा आकडा सुरुवातीला कमी होता, त्यांना गुण जास्त आला. म्हणून वर्षातून एकदा तो आकडा वहीत लिहायला मी सांगतो. नवं औषध हाताशी येईल त्या दिवशी आपण रांगेत कुठे आहोत, हे त्या पानावरून कळेल.

आणि त्याच पानाच्या मागे घरातल्यांची नावं लिहा: नवरा किंवा बायको, मुलं, आई, भावंडं. प्रत्येकापुढे एचबीएसएजी तपासलं का आणि लस झाली का, एवढे दोनच रकाने.